पाटावरची मुलगी

प्रिय वल्लरी,

“आक्का गेली तं माझी वेनी कोन घालंल?” तुझी गोदूमावशी सहा वर्षांची असताना हे वाक्य बोलली होती. मानकोलीच्या आमच्या घरात, ओटीवर, पाटावर बसून. तिच्या कपाळाला हळदकुंकू होतं, हातात गुळाचा खडा होता आणि पुढचे दोन दात पडलेले होते. ती बोलली आणि सगळी माणसं हसली. माझे वडील हसले, काका हसले, आतून आईच्या हसण्याचा आवाज आला. मला वाटतं मीही हसले, कारण गोदू तेव्हा दिसायलाच तशी होती. ती आक्का म्हणजे मी.

मागच्या आठवड्यात तू जेवताना भाकरी मोडता मोडता म्हणालीस, “ताई गेली तर मी कुणाजवळ झोपू?” बाबा हसले. आजी तर डोळे पुसेपर्यंत हसली. आजोबा हसले नाहीत, त्यांनी नुसती मान हलवली, जणू काही तुझं म्हणणं लिहूनच घेतलं. माझ्या हातातून उलथनं खाली पडलं. तू लगेच विचारलंस, “आई, तू घाबरलीस?” मी म्हटलं, “नाही गं, चटका बसला.” चटका बसला नव्हता. तुला चटकन कळतं, म्हणून तू माझं बोट ओढून बघितलंस आणि काहीच दिसलं नाही तरी फुंकर घातलीस. त्या दिवसापासून मला तुला खरं सांगायचं आहे, पण मी ताईच्या कॉलेजचं नाव काढलं की तू दोन्ही कानांवर हात ठेवून मोठ्याने पाढे म्हणायला लागतेस. म्हणून हे पत्र. तुला ऐकायचं नसलं तर तू ऐकत नाहीस, पण अक्षरं दिसली की तुला वाचल्याशिवाय राहवत नाही. बिस्किटाच्या पुड्यावरची, मेडिकलच्या पिशवीवरची, हायवेवर उभ्या कंटेनरच्या पाठीवरची. हे मी तुझ्या कंपासपेटीत ठेवणार आहे. काही वाक्यं तुला आज कळणार नाहीत. ती सोड आणि पुढे जा.

मी आत्ता गोडाऊनच्या कँटीनमध्ये बसले आहे. जेवणाची सुट्टी आहे. समोर रीमामावशी डबा उघडून बसली आहे आणि मला चिडवते आहे, “क्या बात है, कुणाला लिहितेस गं एवढं? नवऱ्याला तर नक्की नाय.” मी म्हटलं, लेकीला. ती म्हणाली, लेक तर घरीच आहे ना. मी माझा डबा तिच्याकडे सरकवला आणि लिहीत राहिले.

आपल्या घरातली रीत तुला माहीत आहे, येत्या रविवारी तुलाच बसायचं आहे, तरी ती मी तुला माझ्या बाजूने सांगते. मोठं काही ठरवायचं असलं, कुणाला घरातून दूर पाठवायचं असलं, काही विकायचं किंवा घ्यायचं असलं, की घरातल्या सगळ्यात लहान मुलीला न्हाऊ घालतात, नवा फ्रॉक घालतात, देवासमोर चौरंगावर ठेवलेल्या पाटावर बसवतात आणि घरातला सगळ्यात मोठा माणूस तिच्यापुढे जमिनीवर बसून तिला विचारतो. ती जे बोलेल ते देवाचं बोलणं. माझ्या माहेरीही हेच होतं. आजोबांनी ट्रॅक्टर घेतला तो त्यांच्या लहानग्या पुतणीच्या बोलावर, तुझ्या बाबांचं लग्न माझ्याशी ठरलं तेही असंच विचारून. मोठी माणसं ज्यावरून भांडली असती त्या गोष्टी लहान मुलीच्या एका शब्दावर मिटायच्या. मला ही रीत वाईट वाटत नव्हती. घर खाली बसलेलं आणि एक छोटी मुलगी वर, हे बघायला छानच वाटायचं.

तर मी बारावी झाले तेव्हा मला ठाण्याला कॉलेजात जायचं होतं. भूगोल घेऊन बी.ए. करायचं होतं. तू हसशील, पण मला नकाशे फार आवडायचे. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा मी न बघता काढायचे, गुजरातचं ते बाहेर आलेलं टोक तर डोळे मिटून. माझे वडील, म्हणजे तुझे केसरीनाथ आजोबा, नको म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत. ते म्हणाले, गोदूला विचारू. गोदू पाटावर बसली, वडिलांनी विचारलं, “आक्काला ठान्याला कालेजला पाठवू का गं बाय?” आणि गोदूने वेणीचं विचारलं. सगळे हसले, हसता हसता उठले, आणि ठरलं. संध्याकाळी मी गोदूची सुटलेली वेणी पुन्हा घातली. तिला तेल लावलं, लाल रिबिनीचं फूल केलं.

पुढे कितीतरी वर्षांनी मला एक गोष्ट कळली, ती तू नीट वाच. गोदू ‘नाही’ म्हणालीच नव्हती. तिने प्रश्न विचारला होता. ज्यांना ‘नाही’ ऐकायचं होतं त्यांनी त्या प्रश्नाचं ‘नाही’ केलं. त्या ओटीवर बसलेल्या एकानेही तिला उत्तर दिलं नाही. माझ्या आईला वेणी घालता येत होती, काकूला येत होती. कुणीतरी नुसतं म्हणायचं होतं, मी घालीन. एवढंच.

गोदूमावशीला हे काहीच आठवत नाही. ती आता नारपोलीला राहते, दिवसभर शेजारच्या कापडाच्या कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटात मोठ्याने बोलायची सवय लागलेली, आपल्याकडे आली तरी ओरडूनच बोलते, तू तिची नक्कल करतेस ना? मागच्या गणपतीत ती मोदक वळता वळता मला ओरडूनच म्हणाली, “आक्का, तू एवढी हुशार, पुढं का नाय शिकली गं?” मी म्हटलं, तेव्हा मनच लागत नव्हतं माझं. ती म्हणाली, “तू पण ना! वेडीच हायस.” आणि हसली. मी तिला कधीही सांगणार नाही. तूही सांगू नकोस. तिला सांगून माझा नकाशा परत येणार नाही, फक्त तिची झोप जाईल.

आता तुझ्या ताईचं. उन्नती पाच वर्षांची असताना गोडाऊनवाली माणसं पांढऱ्या गाडीतून आपल्या वडप्याच्या घरी आली होती. तू तेव्हा नव्हतीस. रस्त्यापलीकडची आपली सगळी भाताची जमीन त्यांना हवी होती. आजोबांना पंधरा दिवस जेवण गेलं नाही. विकावी की नको, बाबा एक म्हणायचे, काका दुसरं. शेवटी उन्नतीला पाटावर बसवलं. आजोबा तुळशीराम, ज्यांच्यासमोर गावात कुणी मोठ्याने बोलत नाही, ते हात जोडून तिच्यापुढे बसले आणि म्हणाले, “बोल माझे आये, देऊ का जमीन?” उन्नतीने विचारलं, “मग आपलं घर मोठं होईल?” कुणीतरी म्हणालं, होईल. ती टाळ्या वाजवत हो म्हणाली.

घर मोठं झालं. वर मजला चढला, तुला आवडते ती गच्ची झाली. आणि समोर हे गोडाऊन झालं, ज्यात मी आत्ता बसले आहे. जिथे उभी राहून मी खोक्यांवर पत्त्याचे स्टिकर लावते, तिथे तुझी आजी पावसात वाकून लावणी करायची. आजोबांनी तुझ्या ताईला एका शब्दाने कधी बोल लावला नाही. पण गावाला तोंड असतं. ती चौथीत असताना नवशाकाका पानाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाले, “ही बग, ही तुळशीरामाची नात. हिनं एक ‘हो’ बोल्लान आन् सगली जमीन गेली.” ते गंमतीने बोलले. नवशाकाका सगळंच गंमतीने बोलतात. उन्नती घरी आली, दप्तर ठेवलं आणि मला विचारलं, “आई, आपल्या शेतातलं जांभळाचं झाड कुठे होतं?” मी विचार न करता खरं ते सांगून टाकलं, म्हटलं, आता जिथे चार नंबरचं गेट आहे ना, तिथे. त्यानंतर ती कधी त्या बाजूच्या रस्त्याने शाळेत गेली नाही. मोठा वळसा घेऊन जायची. तुलाही त्या वळशानेच नेते ना? तुला वाटतं कुत्र्यांना घाबरते म्हणून.

आणि आता तिला शेतीच्याच कॉलेजात जायचं आहे. तिकडे कोकणात, खूप लांब, वसतिगृहात राहून. तिला सीट मिळाली आहे आणि सोमवारी तिथे हजर व्हायचं आहे. नवशाकाकांना नवी गंमत सापडली आहे, “जमीन होती तवा इकली, आता पोरगी शेती शिकाया चालली! पिकवशील कुटं गं, गच्चीवं?” ताई त्यांना म्हणाली, “हो काका, गच्चीवरच. पहिली मिरची तुम्हाला.” मला इतकं बरं वाटलं ते ऐकून. पण घरी येऊन ती बाथरूममध्ये बराच वेळ नळ सोडून बसली होती.

तू मला विचारलं होतंस, कॉलेजात असं काय असतं जे फोनमध्ये नसतं. मी तेव्हा नोकरीचं, पगाराचं काहीतरी बोलले आणि तू लगेच म्हणालीस, “भूपेशकाका पण कॉलेजला गेलेले, ते पण गोडाऊनमध्येच स्कॅनर मारतात.” खरं आहे तुझं. भूपेशकाकांच्या आणि माझ्या पगारातही फार फरक नाही. म्हणून मी ते उत्तर मागे घेते आणि दुसरं देते.

कॉलेजात ताईला जमिनीचा एक छोटा तुकडा देतील, आपल्या गच्चीएवढाच. ती त्यात काय पेरायचं ते स्वतः ठरवेल. कदाचित चुकेल. रोपं मरतील. मग तिचे सर तिला विचारतील, उन्नती, का मेली गं ही? तिला माहीत नसेल तर ती शोधेल, वहीत लिहील, चुकीचं लिहिलं तर लाल शाईचा गोल पडेल. आणि पुढच्या हंगामात तोच तुकडा तिला पुन्हा मिळेल. कळलं का तुला? ती चुकली म्हणून कुणाची जमीन जाणार नाही. कुणी टपरीवर तिचं नाव काढणार नाही. तुझ्या ताईला पाच वर्षांची असताना एक फार मोठा प्रश्न विचारला गेला, तेव्हा तिला दहापर्यंत आकडे येत होते. आता ती अठराची आहे, आता तिला विचारायला हवं, आणि आता तिला कुणी विचारत नाही. कॉलेज म्हणजे, वल्लरी, मला वाटतं, अशी जागा जिथे रोज कुणीतरी तुला विचारतं की तुला काय वाटतं, आणि तुझं उत्तर चुकायला परवानगी असते. हे फोनमध्ये नसतं. फोन तुला विचारत नाही. मीही हे बाहेरूनच सांगते आहे, आत कधी गेले नाही. सकाळपासून माझ्या हातून भूज, तेजपूर, तिरुनेलवेली अशी खोकी निघून जातात. कुठलं गाव नकाशात कुठे आहे ते मला दिसतं, पण तिथली माती काळी की तांबडी हे मला कुणी विचारत नाही. फक्त बीप वाजतो.

तू आता म्हणशील, मग पाठव ना ताईला, मला कशाला सांगतेस? तर ऐक. मला भीती वाटते. आई घाबरत नाही असं तुला वाटतं, कारण मी पाल मारते आणि अंधारात मोटर बंद करायला जाते. पण मला ताईच्या बसची भीती वाटते, घाटाची भीती वाटते. तिला ताप आला आणि तिने मला सांगितलंच नाही तर? फोन लागला नाही तर? ती तिकडे कुणाशी बोलेल, कोण तिच्याशी कसं बोलेल? आपल्या दारासमोरचा हायवे ओलांडताना मी अजून तिचा हात धरते, तिला लाज वाटते तरी धरते. आणि ती गेली नाही तर काय होईल याची मला त्याहून जास्त भीती वाटते. पडघ्याकडचे पाहुणे लग्नासाठी ताईला विचारून गेले आहेत, मुलाचे स्वतःचे दोन ट्रेलर आहेत, आजोबांनी त्यांना रविवारनंतर सांगतो म्हटलं आहे. तुला ते पेढे आणणारे काका आठवतात ना, तेच.

आणि सगळ्यात मोठी भीती तुझ्यासाठी वाटते. रविवारी तू नाही म्हणालीस तर तू गोदू होशील. कदाचित विसरून जाशील, आणि ताई तुझ्या वेण्या घालत राहील आणि तुला कधीच काही सांगणार नाही. तू हो म्हणालीस आणि तिकडे ताईला काही झालं, देव करो आणि काही न होवो, तर तू उन्नती होशील. मग तुलाही आयुष्यभर कुठल्यातरी रस्त्याला वळसा घालून जावं लागेल. दोन्ही बाजूंनी मला तूच दिसतेस. एक गोष्ट अजून, ती मी कुणालाच सांगितलेली नाही. माझ्यातल्याच एका कोपऱ्याला वाटतं की तू नाही म्हणावंस. म्हणजे ताई घरी राहील, आणि ते माझ्यामुळे झालं असं होणार नाही. माझी आई आत बसून का हसली ते मला या आठवड्यात कळलं. तीही घाबरलेली असणार.

मी आजोबांशी बोलून पाहिलं. चहा दिला आणि म्हटलं, वल्लरीला नका बसवू, लहान आहे. त्यांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, “सुकन्या, जमिनीच्या टायमाला म्या स्वता ठरवलं असतं ना, तं आज तोंड दाखवाया जागा नसती. देवानं ठरवलं म्हनून जगलो. रीत मोडायची तं म्या गेल्यावं मोडा.” तेव्हा मला कळलं की तेही घाबरतात. आपल्या घरात सगळेच घाबरतात, वल्लरी, आणि घाबरलेली माणसं सगळ्यात लहान मुलीला उंच पाटावर बसवतात. बाबा म्हणाले, तू कशाला वाद घालतेस, पोरीला पटव, ती हो म्हणेल, विषय संपला. सायकल देऊ तिला.

मी तुला सायकल देणारच होते. शनिवारी भिवंडीत जाऊन जांभळी सायकल बघायची असं ठरवलंही होतं. पण काल ताईने मला गच्चीत कपडे वाळत घालताना गाठलं. तिच्या हातात तुझाच ओला फ्रॉक होता. ती म्हणाली, “आई, तिला हो म्हणायला शिकवू नकोस. मला जायचंय. खूप जायचंय. पण तिच्या तोंडातून नको.” एवढंच बोलली आणि तुझा फ्रॉक चिमटे लावून टांगला. म्हणून आता सायकल नाही. सायकल तुला दिवाळीला मिळेल, तू काहीही बोललीस तरी.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, जे गोदूला कुणी दिलं नव्हतं. ताई गेली तर तू माझ्याजवळ झोप. माझ्या अंगाला खोक्यांचा वास येतो असं तू म्हणतेस, तर मी आधी अंघोळ करीन. तुझे पाय रात्री पोटात बसतात ते मी सोसेन. ताईची गोष्ट सांगायची पद्धत मला येणार नाही, पण मी शिकेन. वेणीही मीच घालीन, घट्ट बसेल, थोडं ओरडायचं आणि मग जायचं शाळेत.

आणि आता हे पत्र ज्याच्यासाठी लिहिलं ते. रविवारी तुला नवा पिवळा फ्रॉक घालतील. सगळे तुझ्यापुढे जमिनीवर बसतील, आजोबासुद्धा, आणि तुला पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यावरचं टक्कल वरून दिसेल. तू किती दिवस त्याची वाट बघते आहेस, आरशासमोर बसून सराव करतेस, हे मी पाहिलं आहे. त्यामुळे मी मागते आहे ते तू देणार नाहीस, मला माहीत आहे. इतकं उंच बसायला पुन्हा कधी मिळणार? तरी मागते. आजोबांनी विचारलं की हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. गूळ तोंडात टाक, “आजोबा, हे ताईला विचारा,” एवढं बोल, पाटावरून खाली उतर, आणि ताईचा हात धरून तिला तिथे बसव.

तुझीच, उलथनं पाडणारी,
आई